सासरे वारले, असं सासरेच म्हणतात

२६ ऑक्टोबर, रविवार

ही डायरी दातांची सिमेंटं विकणाऱ्या एका कंपनीने आमच्या क्लिनिकला फुकट दिली. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात एक हसणारी दाढ आहे. मी घाटकोपरला एका डेंटिस्टकडे रिसेप्शनला बसते. वर्ष संपत आलं तरी डायरी कोरीच होती. मैत्रीण म्हणाली, सासरच्यांबद्दल मला फोनवर सांगतेस ते लिहून काढ, मोकळी होशील. मला वाटतं ती कंटाळली.

तर सासरच्यांबद्दल. भटवाडीतला आमचा दोन खोल्यांचा फ्लॅट. मी, नवरा निलेश, सासूबाई मालन आणि सासरे काशीराम. सासरे आधी गिरणीत होते, गिरणी बंद पडल्यावर एका शाळेत शिपाई. मूळ मालवणकडचे. त्यांचा टीव्ही खालच्या रिक्षा स्टँडपर्यंत ऐकू येतो, आणि माझ्या प्रत्येक आमटीत त्यांना काहीतरी कमी लागतं.

पण तक्रार लिहायला बसले आणि लक्षात आलं की सध्या तक्रार नाही. दसऱ्याच्या सुमारास त्यांचे दोस्त भाऊ गेले, आमच्याच बिल्डिंगमधले. दोघं रोज संध्याकाळी खाली बाकावर बसायचे आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला नावं ठेवायचे. भाऊ गेल्यापासून सासरे टीव्ही लावत नाहीत, आमटीबद्दल बोलत नाहीत, पहाटेच उठून भिंतीकडे बघत बसतात. घरात इतकी शांतता लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच. मी काही बोलणार नाही, नजर लागायची.

४ नोव्हेंबर

आज कुकर लावताना सासरे स्वयंपाकघराच्या दारात आले आणि म्हणाले, "माझो भात लावू नको गो. मी मेलंय."

निलेश हसला. मीपण हसले. सासूबाई म्हणाल्या, "मेल्यावर तरी तंबाखू सोडा." सासरे हसले नाहीत. शांतपणे जाऊन पलंगावर आडवे झाले, हात छातीवर ठेवून.

भात उरला. उद्या फोडणीचा करीन.

८ नोव्हेंबर, शनिवार

पेन्शनवाल्यांना नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला द्यावा लागतो. निलेशला सुट्टी नाही म्हणून बँकेत मी घेऊन गेले. (निलेशला कधीच सुट्टी नसते. मला असते, कारण मी घेते.)

काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "आजोबा, अंगठा ठेवा." अंगठा लागेना. पुसून ठेवला, लागेना. दुसरा अंगठा, मग सगळी बोटं एकेक करून. मशीनवर दर वेळी लाल दिवा. मुलगा म्हणाला, म्हाताऱ्या माणसांच्या रेषा झिजतात, होतं असं.

सासरे माझ्याकडे वळून इतक्या समजुतीने म्हणाले, "मशीनीक कळला. तुमकाच कळना नाय."

रांगेतले दोघं-तिघं हसले. मला का कोण जाणे हसू आलं नाही. रिक्षात त्यांचा हात धरून बसले, कारण रस्त्यात खड्डे फार.

११ नोव्हेंबर

मोबाईलवर चेहरा दाखवूनही दाखला होतो, असं क्लिनिकमधल्या एका पेशंटने सांगितलं. सासऱ्यांना खिडकीत बसवलं. "डोळे मिटा-उघडा," म्हटलं. त्यांनी मिटले आणि उघडेनात. सासूबाईंनी कानात "भाऊ इलो" म्हटल्यावर उघडले आणि फोनने तेवढ्यात काम साधलं. दाखला झाला. मी त्यांना स्क्रीन दाखवली: बघा, सरकार म्हणतंय तुम्ही जिवंत आहात.

"सरकाराक काय कळता," ते म्हणाले. "रेशनकार्डार माझी आवस अजून जिवंत असा."

हे मात्र खरं आहे. आजेसासूबाईंचं नाव कमी करायचं राहिलंय.

१४ नोव्हेंबर

तीन दिवस चहा सोडून पोटात काही नाही. "मेलेलो माणूस जेवता काय?" एवढंच उत्तर. आतडी कुजली आहेत, अंगात रक्त उरलेलं नाही, असंही सांगतात. आवाजात दुःख नाही, राग नाही. बसचा नंबर सांगावा तसं सांगतात.

शेवटी सासूबाईंच्या डोक्यात आलं. "पितर जेवतत ना? मगे ह्येंकाय तसाच वाढूया."

आम्ही खरोखर तसं केलं. केळीचं पान, वडे, काळ्या वाटाण्याचं सांबार, खीर. पान गॅलरीत ठेवलं, सासूबाईंनी हात जोडून "जेवन जावा" म्हटलं आणि आम्ही सगळे आत जाऊन दार लोटलं. थोड्या वेळाने फटीतून पाहिलं. सासरे मांडी घालून जेवत होते.

सासूबाई पदर तोंडाला लावून ओट्याला टेकून उभ्या राहिल्या. हसत होत्या की काय ते कळलं नाही. मी जास्त बघितलं नाही.

१७ नोव्हेंबर

रोज श्राद्धाचा स्वयंपाक. नैवेद्य साधा केला तर ते शिवत नाहीत. निलेशची पँट घट्ट झाली आहे. सासऱ्यांची मात्र कमरेवर राहत नाही. क्लिनिकमध्ये डॉक्टरांनी विचारलं, श्रुतिका, तुझ्या हाताला वड्यांचा वास कसा रोज? मी सांगितलं, घरी पितर आहेत. ते म्हणाले, आता? मी म्हटलं, आमच्याकडे मुक्कामाला आहेत.

१९ नोव्हेंबर

आज त्यांनी पानाला हात लावला नाही. म्हणाले, आधी कावळा शिवायला हवा.

आमच्या गॅलरीला कबुतरांसाठी जाळी आहे. निलेशने ऑफिसला उशीर करून जाळी कापली आणि बाहेर डोकं काढून "काव काव" केलं. भरपूर कबुतरं आली. समोरच्या बिल्डिंगमधल्या बाईंनी विचारलं, कोण गेलं? निलेश म्हणाला, कुणी नाही काकू. त्या म्हणाल्या, मग?

तासाभराने एक कावळा आला. एक वडा उचलून सरळ उडाला. आम्ही तिघांनी सुटकेचा श्वास सोडला. निलेशने तर टाळी वाजवली.

सासरे म्हणाले, "तो भाऊ होतो. वड्यांसाठी इलो. माझ्यासाठी कोण येवक नाय."

आणि पाण्याचा पेलाही बाजूला सारला.

मी हे आत्ता लिहितेय आणि मला भीती वाटतेय. दाढ कोपऱ्यात हसतेच आहे.

२१ नोव्हेंबर

ओठ फुटलेत, उठवलं तर चक्कर येते. नेहमीचे डॉक्टर घरी आले आणि म्हणाले, मी नाही, मनाचे डॉक्टर हवेत, आणि आजच. मुलुंडच्या एका हॉस्पिटलमध्ये नेलं. तिथल्या सायकिअॅट्रिस्टचं नाव डॉ. अबोली. इतकी बोलणारी बाई मी पाहिली नाही.

मला वाटत होतं आपण हे असं-असं झालं म्हणून सांगितलं तर ती हसेल. हसली नाही. खुर्ची ओढून सासऱ्यांच्या अगदी जवळ बसली आणि विचारलं, "काका, कधी वारलात?"

"भाऊक पोचवूक गेललंय ना," सासरे म्हणाले. "त्या दिसा दोघांकाय पोचवल्यानी. मी फक्त चलत घराक इलंय."

इतक्या दिवसांत आमच्यापैकी कुणी हा प्रश्न विचारला नव्हता.

बाहेर आल्यावर तिने सांगितलं की हे वेड नाही, नाटक नाही, वयही नाही. फार खोल गेलेलं डिप्रेशन आहे, त्यात असा भ्रम होतो. आता सलाइन लावू, रक्त तपासू, हृदयाची पट्टी काढू. आणि मग म्हणाली, "मी ईसीटी सुचवेन."

निलेशने विचारलं ते काय. ती म्हणाली, "लोक ज्याला शॉक म्हणतात ते."

निलेश खुर्चीत बसलेलाच होता, तरी परत बसला.

२२ नोव्हेंबर, शनिवार

नणंद मानसीताई बोरिवलीहून आल्या. गावच्या देवळातला अंगारा घेऊन, आणि मोबाईलमध्ये जुन्या काळ्या-पांढऱ्या फोटोंचा एक व्हिडिओ घेऊन. त्यात माणसाला पट्ट्यांनी बांधलंय आणि तो किंचाळतोय. "माझ्या बाबांना करंट देणार? यार निलेश, ते काय मिक्सर आहेत?"

डॉ. अबोलीने व्हिडिओ पूर्ण बघितला. मग म्हणाली, "असं आता करत नाहीत. करायला कायद्यानेच बंदी आहे. भूल देतात, स्नायू सैल करायचं इंजेक्शन देतात. करंट काही सेकंद. त्यांना काही कळणार नाही. नंतर डोकं दुखेल, थोडा गोंधळ होईल, मागचे काही आठवडे पुसट होतील. काही आठवणी परत येतात, काही नाही येत. हे मी लपवणार नाही."

"गोळ्या द्या ना मग," मानसीताई म्हणाल्या.

"देणारच आहे. पण गोळ्यांना काही आठवडे लागतात. तुमचे बाबा पाणी पीत नाहीत. त्यांच्याकडे आठवडे नाहीत."

तेवढ्यात एक बाई दारातून आत आल्या. सोबत त्यांचा कॉलेजातला मुलगा, मान खाली, मोबाईलमध्ये. "मॅडम, तुम्ही शॉक देता असं ऐकलं. याला पण द्या ना एक. अभ्यास करत नाही."

डॉ. अबोली म्हणाली, "काकू, शॉक शिक्षा नाही हो. कुणालाही द्यायचा नसतो. जीवावर बेतलंय, औषधाची वाट बघायला वेळ नाही, किंवा औषधं लागू पडत नाहीत, अशांना." मग मुलाकडे बघून, "हा जेवतो का?"

"खूप."

"मग बसा बाहेर. याच्याशी मी बोलते. तुमच्याशी पण."

मुलाने पहिल्यांदाच मान वर केली.

२३ नोव्हेंबर

दिवसभर भांडण. मानसीताई म्हणतात गावी नेऊन देवाला कौल लावू. निलेश म्हणतो थोडं थांबू. थांबू हा निलेशचा आवडता शब्द आहे. लग्नाच्या वेळीही तो थांबू म्हणाला होता, मग मीच तारीख काढली.

मी काय म्हणणार? माझे बाबा नाहीत ते. पण खरं सांगायचं तर मला दोन्हींची भीती वाटतेय. शॉक दिला आणि काही झालं तर? नाही दिला आणि काही झालं तर? मी रिसेप्शनवर रोज लोकांना सांगते, रूट कॅनलला घाबरू नका. आता कळतंय की आपण काय सांगतो.

संध्याकाळी डॉक्टरांनी आधी सासऱ्यांनाच विचारलं. सगळं समजावून सांगितलं, करंट वगैरे. सासऱ्यांचा चेहरा कितीतरी दिवसांनी जरा उजळला. "विजेची दाहिनी? बरा झाला. इतके दिस मडा घरात ठेवलेनी होता. करा, करा."

निलेश म्हणाला, बघा डॉक्टर, हो म्हणाले.

डॉक्टर म्हणाल्या, "हे हो धरता येणार नाही. त्यांना काय चाललंय ते कळत नाहीये. त्यांच्या वतीने कुणी ठरवायचं?"

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. सासूबाई इतका वेळ कोपऱ्यात पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्या उठल्या. "मानसी, तू बोरिवलीसून फोन करतंस. निलेश हापिसात जाता. मी ह्येंच्या तोंडात चमचो घालतंय आणि ता पाणी भायर येता. मी ठरयतंय." मग डॉक्टरला म्हणाल्या, "तुमचो बापूस असतो तर?"

अबोलीने पहिल्यांदाच दोन शब्दांत उत्तर दिलं. "दिला असता," म्हणाली.

सासूबाईंनी सही केली. मालन काशीराम, जोडाक्षर नसलेलं नाव, तरी एकेक अक्षर थांबून लिहिलं. अंगारा त्यांनी सासऱ्यांच्या कपाळाला लावलाच. डॉक्टर म्हणाल्या, लावा, फक्त सकाळी पुसू.

२४ नोव्हेंबर, सोमवार

पहिला शॉक. नर्स सांगत होती, रात्रीपासून उपाशी ठेवायचं बरं का. आम्ही म्हटलं, त्याची काळजी नको.

मी बाहेर बाकावर. निलेशला रजा मिळाली नाही, मानसीताई येणार नव्हत्या, सासूबाई देवाचं पुटपुटत होत्या. मी सगळा वेळ वरच्या ट्यूबलाइटकडे बघत होते. सिनेमात शॉक देतात तेव्हा दिवे लुकलुकतात. ट्यूबलाइट हलली नाही. किंकाळी नाही. आतून फक्त कुणीतरी म्हणालं, "रेडी," आणि थोड्या वेळाने दार उघडलं. मला वाटलं काही राहिलं असेल आणायचं. तर झालं होतं.

सासरे घोरत होते. त्यांचं घोरणं ऐकून सासूबाई म्हणाल्या, "मडी घोरनत नाय." आणि मला कोपराने ढोसलं.

मी कँटीनमध्ये जाऊन दोन वडे खाल्ले. इतके दिवस स्वतः तळलेल्या वड्यांकडे बघवत नव्हतं.

२६ नोव्हेंबर

दुसरा. काही फरक नाही. डोकं दुखतंय म्हणाले. "मेल्यावर पण डोक्याचो ताप सुटना नाय."

मानसीताईंचा फोन: सांगत होते ना. मी फोन ठेवून दिला. नंतर वाईट वाटलं, परत केला, तर त्या रडत होत्या. मग दोघी थोडा वेळ रडलो. मोबाईलचं चार्जिंग संपलं म्हणून थांबलो.

२८ नोव्हेंबर

तिसरा. दुपारी मी एकटीच होते. सासरे छताकडे बघत म्हणाले, "पाणी."

मी ग्लास घेऊन इतकी घाईने गेले की अर्धं त्यांच्या गळ्यावर सांडलं. "न्हाणव नको गो," म्हणाले. प्यायले. सगळं.

क्लिनिकमधून फोन होता की कधी येतेस. मी म्हटलं, माझ्या रजा किती उरल्यात? ते म्हणाले, उरल्या नाहीत. मी म्हटलं, मग विचारता कशाला.

१ डिसेंबर, सोमवार

चौथ्यानंतर सासऱ्यांनी बराच वेळ स्वतःचा गाल चोळला. मग मला हाक मारली.

"गो श्रुतिका. मी मेलंय तर दाढी कशी वाढता?"

हो म्हटलं तर पंचाईत, नाही म्हटलं तर पंचाईत. मी म्हटलं, डॉक्टरना विचारू. डॉक्टर आल्या आणि म्हणाल्या, "काका, प्रश्न चांगला आहे. तुम्हाला काय वाटतं?"

"काय तरी घोळ असा," सासरे म्हणाले. आणि जेवायला काय आहे म्हणून विचारलं. खिचडी होती. दोन घास खाऊन त्यांनी चमचा ठेवला. "हेच्यात मीठ नाय."

मी बाहेर कॉरिडॉरमध्ये जाऊन उभी राहिले. धूळ गेली होती डोळ्यात. हॉस्पिटलं हल्ली झाडत नाहीत नीट.

१० डिसेंबर

शॉक संपले, आता गोळ्या चालू राहतील. घरी आणलं. हसतात, जेवतात, टीव्ही लावतात. पण मागचं पुसट झालंय, डॉक्टर म्हणाल्या होत्या तसं. बँक आठवत नाही, कावळा आठवत नाही, जाळी कोणी कापली म्हणून निलेशला बोलले.

आज संध्याकाळी चप्पल घालून म्हणाले, "खाली जातंय. भाऊ इलो असतलो."

निलेशने माझ्याकडे बघितलं. सासूबाई आत जाऊन भांडी घासायला लागल्या, जी घासलेलीच होती. निलेश म्हणाला, "बाबा, आज भाऊ बाहेर गेलेत."

सासरे परत आत आले. "मगे उद्या."

१३ डिसेंबर, शनिवार

तीन दिवस भाऊ बाहेर गेलेत. काल निलेशने त्यांना नाशिकला पाठवलं, आज सासूबाईंनी पुण्याला. दोघांनी सांगितलेली गावं वेगळी निघाल्यामुळे सासऱ्यांना संशय आला.

मला डॉ. अबोलीला फोन करावा लागला. मी म्हटलं, सांगितलं आणि परत मेले तर? ती म्हणाली, "सांभाळून, एकदाच, खरं सांगा. मग त्यांच्याजवळ बसा. तेव्हा त्यांना रडता आलं नव्हतं. आता येईल."

कोण सांगणार म्हटल्यावर सासूबाई आणि निलेश दोघंही माझ्याकडे बघायला लागले.

चहा केला. त्यांच्या पलंगाशेजारी बसले. "बाबा, भाऊ गेले. दसऱ्याच्या वेळी. झोपेत गेले, त्रास झाला नाही."

ते माझ्याकडे बघत राहिले. मी मनात चूळ भरल्यासारखं देवाचं नाव घोळवत होते. मग त्यांचं तोंड वाकडं झालं, लहान मुलाचं होतं तसं, आणि ते रडले. मोठ्याने, नाक गळेपर्यंत. खालचा रिक्षावाला वर बघायला लागला. सासूबाई येऊन दुसऱ्या बाजूला बसल्या. निलेश दारात उभा राहिला आणि या वेळी थांबला नाही, आत आला.

खूप वेळाने सासऱ्यांनी विचारलं, "मी खांदो दिलंय?"

"दिलात," मी म्हटलं. "शेवटपर्यंत."

मान हलवली. नाक पुसलं. चहा निवला होता, तो परत तापवायला सांगितला.

४ जानेवारी, रविवार

भाऊंच्या पत्नी आता लेकीकडे मनोरीला असतात. सासऱ्यांनी हट्टच धरला की समाचाराला जायचं. इतक्या उशिरा कोण समाचाराला जातं? पण गेलो, मार्व्याहून बोटीने. बोटीत एक टोपली सुकट शेजारी होती, तिच्या दरावरून सासरे कोळणीशी भांडले. ती हरली नाही, तेही हरले नाहीत. निलेशने दूर समुद्राकडे तोंड करून ओळख लपवली.

भाऊंच्या बायकोने दार उघडलं. दोघं एकमेकांसमोर बसले. बाकी आम्ही सगळे जमिनीकडे बघत. समाचाराला बोलतात ते सगळं बोलून झालेलं असतं इतक्या दिवसांत.

शेवटी त्याच म्हणाल्या, जरा रागानेच, "भावजी, दिवसाक इलात नाय, बाराव्याक इलात नाय. इतके दिस खय होतात?"

निलेशने घसा साफ केला, बाबा आजारी होते वगैरे सांगायला. सासऱ्यांनी हाताने त्याला गप्प केलं.

"वहिनी, माका कायच आठवणा नाय," ते म्हणाले. "पण ही माझी सून सांगता, मीव मेल्लंय."

त्या बघतच राहिल्या. माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली. काय करणार, खरंच होतं.

"मगे?" त्या म्हणाल्या. "हे भेटले?"

सासऱ्यांनी प्रश्न नीट मनावर घेतला. कपाळाला आठ्या घालून विचार केला.

"नाय," म्हणाले. "भाऊ बेगीन चलता, मी मागे रवलंय. माका गावलो नाय."

भाऊंच्या बायकोने पदर तोंडाशी नेला. आधी त्या हसल्या, खांदे हलेपर्यंत. मग दोघं रडले. मग त्या उठून आत गेल्या आणि बांगडे तळायला घेतले. आम्ही नको-नको म्हणत चटया अंथरल्या.